महाराष्ट्रातलं लसीचं कार्ड बेळगावात चालतंय काय? लस, डेंग्यू आणि टीबीची नोंद, कुठं जायचं, काय कागद लागतात

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बऱ्याच सुनांचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, कागल नायतर कोल्हापूरकडं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे बीसीजी, पोलिओचा पहिला डोस, काविळीची सुई सगळं तिकडं होतंय, आणि दीड महिन्याचा डोस आला की बाळ सासरी इकडं. मग आजी म्हणते कार्ड महाराष्ट्राचं हाय, इथं घेत्यात काय, तिकडंच जाऊन येऊ. एवढ्याश्या लेकराला घेऊन एसटीनं कशाला जाताय, कार्ड चालतंय.

बाळांचं लसीकरण हा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे, दोन्हीकडं वेळापत्रक एकच. लस फुकट, रहिवासी दाखला लागत नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, बीपीएल कार्ड पण नाही. आधार नसलं तरी लस नाकारायची नसते. फक्त जपानी मेंदूज्वराची लस ठराविक जिल्ह्यांतच देतात, ती आपल्या इथं आहे काय ते सिस्टरना विचारून घ्या.

पहिलं काम म्हणजे गल्लीतल्या आशाताईला नायतर अंगणवाडीत सांगायचं की घरात बाहेरगावचं बाळ आलंय. हे बरेच लोक करत नाहीत आणि इथंच घोळ होतो, कारण तिच्या ड्यू लिस्टमधे (लस द्यायच्या बाळांच्या यादीत) बाळाचं नाव नसेल तर कुणी बोलवायला येणार नाही. मग लसीच्या दिवशी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा सबसेंटरला जायचं, कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी तो गुरुवार असतो पण गावात विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी गेल्यावर "आज नाही" म्हणतात ते उगीच नव्हे. गोवर-रुबेलाची बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर टाकून द्यायची, म्हणून पोरं गोळा करून एकाच दिवशी देतात.

सोबत तिकडचं माता-बाल कार्ड न्यायचं (कर्नाटकात त्याला तायी कार्ड म्हणतात), दवाखान्याचा डिस्चार्ज पेपर, आईचं आधार आणि मोबाईल. मोबाईल कशाला, तर यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद होते आणि ओटीपी येतो. माहेरी यू-विनवर नोंद झाली असेल तर तोच नंबर सांगा, म्हणजे आधीचे डोस तिथंच दिसतात, बाळाची दोन खाती होत नाहीत. माहेरच्यांनी भावाचा नंबर दिलेला असतो आणि भाऊ पुण्याला कामावर, तेव्हा आधी फोन लावून ठेवा म्हणजे ओटीपीसाठी ताटकळायला नको.

कार्ड हरवलं तर घाबरायचं काम नाही. कार्डाला एक उभी पट्टी जोडलेली असते, काउंटरफॉईल, ती फाडून सिस्टर स्वतःकडं ठेवतात आणि त्यावर सगळे डोस लिहिलेले असतात, माहेरच्या केंद्रातनं त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो मागवला तरी काम होतं. बीसीजीचा वण डाव्या दंडावर बघून पण कळतं. आणि उशीर झाला म्हणून डोस पहिल्यापासनं सुरू करत नाहीत, राहिलेलेच पुढं देतात. पण वयाची हद्द आहे, बीसीजी आणि पेंटाचा (दीड महिन्यापासनं देतात ती पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस एक वर्षाच्या आत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) सात वर्षांपर्यंत. काविळीची जन्मावेळची सुई मात्र 24 तासांच्या आतच, ती गेली की गेली, पुढं पेंटात काविळीचा भाग असतोच. सुई झाली की अर्धा तास तिथंच बसायचं. सगळे लगेच गाडीला किक मारतात, तसं करू नका, रिॲक्शन आली तर सिस्टर समोर पाहिजे.

जन्मदाखल्याचं वेगळं आहे बरं का, ते लसीसाठी लागत नाही पण बेळगावात मिळत पण नाही. जन्म जिथं झाला तिथंच नोंद, 21 दिवसांत फुकट. 1 ऑक्टोबर 2023 पासनं जन्मलेल्या पोरांना शाळेत घालायला, पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, म्हणून माहेरातनं निघायच्या आधी तेवढं उरकून घ्या.

आता रोगाची नोंद. लोकांना वाटतं आपणच कुठं जाऊन अर्ज द्यायचा, तसं नाही, नोंद दवाखान्यानं आणि लॅबनं करायची असते, खाजगी असला तरी. डेंग्यू कर्नाटकात 2024 साली साथरोग म्हणून जाहीर झाला, त्यामुळं रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आरोग्य खात्याची माणसं घरी येतात, बॅरल, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे बघतात. काहीजण दार उघडत नाहीत, का तर शेजारी काय म्हणतील. अहो शेजाऱ्याच्या पण घरात तोच डास जातोय की! अळी सापडली आणि सांगून पण पाणी ओतलं नाही तर त्या 2024 च्या नियमात घराला शहरात 400 आणि खेड्यात 200 रुपये दंड आहे, दुकान-हॉटेलला 1000 आणि 500, मोकळा प्लॉट किंवा बांधकामाला 2000 आणि 1000. प्लॉटवाल्यांना हे जास्तच पाहिजे होतं असं माझं मत. डेंग्यूच्या रक्ततपासणीचा रेट पण त्याच साली ठरवून दिला, एलायझा पद्धतीची एनएस-वन टेस्ट 300, आयजीएम टेस्ट 300, झटपट होणारी कार्ड टेस्ट 250, जास्त घेतले तर पावती मागा आणि 104 या आरोग्य हेल्पलाईनवर तक्रार करा. साप चावल्याची नोंद पण कर्नाटकात 2024 पासनं दवाखान्याला सक्तीची आहे, खानापूरच्या जंगलपट्टीत याची गरज होतीच. पण तेव्हा कागद शोधत बसू नका, 108 लावा.

टीबीचं जरा नीट वाचा. पेशंटची नोंद निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर होते, त्याला एक आयडी मिळतो, तो आयडी म्हणजे खरा कागद. इचलकरंजीला यंत्रमागावर असताना औषध सुरू झालं आणि आता गावाकडं यायचंय, तर निघायच्या आधी तिथल्या टीबी युनिटला सांगून ट्रान्सफर टाकायला लावायचं, इकडं आधार, बँक पासबुक आणि जुना ट्रीटमेंट कार्ड दाखवायचं, गोळ्या इथं सुरू. न सांगता आलात तर तिकडं "पेशंट गायब" आणि मधे गोळ्या बंद, ते लई महागात पडतंय. पोषणाचे महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात (1 नोव्हेंबर 2024 पासनं, आधी 500 होते), खातं स्वतःचं आणि आधारला जोडलेलं ठेवा.

क्वारंटाईन म्हटलं की अजून सगळ्यांना 2021 मधलं, कोरोनाच्या वेळचं, महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर मागायचे ते 72 तासांच्या आतलं आरटीपीसीआर आठवतंय. तसला रिपोर्ट आता कुणी मागत नाही. गोवर आला तर पुरळ उठल्यापासनं चार दिवस पोराला शाळेत, लग्नाला, जत्रेला न्यायचं नाही, कांजण्यात सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवर म्हणजे देवी आली म्हणून घरात लिंबाचा पाला बांधा हवं तर, पण आशाताईला कळवा, कारण पोराचं रक्त तपासायला घेतात आणि व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, ते डोळ्यांसाठी गरजेचं आहे. आणि पंधरा वर्षांच्या आतल्या पोराचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला तर त्याच दिवशी कळवायचं. पोलिओ नाही ना हे बघायला 24 तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घेतात आणि ते लकवा आल्यापासनं 14 दिवसांच्या आत गेले पाहिजेत, म्हणून आधी मालीशवाल्याकडं नेऊन आठवडा घालवू नका.