बिळाशीचा सागवान आणि सातबाऱ्यावरचा शेरा

सरकारी जंगल खासगी हाती जाऊ नये, असे आज सातारा-सांगलीकडच्या पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या डोंगरी गावांतून कोणी म्हणते, तेव्हा याच मुलखाने एकेकाळी सरकारी जंगलाविरुद्ध लढा दिला होता, याची आठवण क्वचितच निघते.

1878च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात गुरे चारणे, भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) फांद्या तोडणे, सरपण आणणे ही रिवाजाने चालत आलेली कामे जंगल खात्याच्या मर्जीवर आली. परवान्याविना शिरलेली गाय कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सोडवावी लागे. खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या जोतीराव फुल्यांनी गायराने जंगल खात्याने गिळल्याची तक्रार 1883 सालीच लिहून ठेवली होती.

पुढे 1930 साली, सविनय कायदेभंगाच्या काळात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात जंगल सत्याग्रह झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या बिळाशीच्या लोकांनी सरकारी जंगलातला सागवान तोडून आणला, गावात उभा केला आणि त्यावर तिरंगा चढवला. झेंड्याच्या रक्षणाला बायकाही उभ्या राहिल्या. सप्टेंबरात पोलिसांनी गोळीबार केला. हा केवळ स्वातंत्र्यलढ्यातला प्रसंग मानला, तर त्याचा अर्धा अर्थ निसटतो, असे मला वाटते. भांडण त्या झाडावर हक्क कोणाचा, याचेही होते.

स्वातंत्र्यानंतर जंगल सरकारकडेच राहिले, पण धोक्याची दिशा बदलली. राज्ये धरणे, खाणी, शेती यांसाठी वनजमीन सढळ हाताने वाटत होती. 1976च्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत आला, 1980च्या वन (संवर्धन) कायद्याने वनेतर वापराला केंद्राची पूर्वपरवानगी सक्तीची झाली आणि 1988च्या दुरुस्तीने वनजमीन भाडेपट्ट्याने किंवा अन्य रीतीने खासगी व्यक्ती वा संस्थेला देण्यावरही तेच बंधन आले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यायला सांगितले. तरीही कागद उद्योगाकडून ‘उजाड’ वनजमीन लागवडीसाठी मागितली जात राहिली. नियोजन आयोगाच्या कार्यगटाने 1998 साली या मागणीविरुद्ध कौल दिला. उजाड ठरलेल्या त्या जमिनीवर गावाची गुरे चरतात, हे फायलीत सहसा दिसत नाही.

सरकारी राखण निर्दोष होती असेही नाही. कोयना आणि चांदोली 1985 साली अभयारण्ये झाली, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि या संरक्षणाची किंमत आतल्या गावांनी पुनर्वसनाच्या रूपाने मोजली. म्हणूनच इथे ‘जंगल सरकारकडेच राहू द्या’ म्हणणारा माणूसही वन खात्याबद्दल क्वचितच प्रेमाने बोलतो.

अलीकडचा वाद ‘वन’ या शब्दाच्या व्याख्येचा आहे. मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये ठरवले होते. 2023च्या दुरुस्तीने 1980च्या कायद्याची व्याप्ती मुख्यतः अधिसूचित आणि सरकारी दप्तरात नोंदलेल्या वनापुरती आणली. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन जुनाच अर्थ तूर्त कायम ठेवला. व्याख्या अशी अधांतरी असल्याने गावाजवळच्या रानाबद्दल हरकत घ्यायची, तर पहिली धाव तलाठ्याकडे असते: सातबारा काढायचा आणि इतर हक्कांच्या रकान्यात वनाचा शेरा आहे की नाही, ते पाहायचे.