डीएसएम आणि डीटीएम: शेवटचा रिटर्न म्हणजे जमीन नव्हे

लिडारची, म्हणजे वरून लेसर सोडून केलेल्या उंचीच्या मोजणीची, फाइल हातात आली की लोक तिला सरसकट ‘डीईएम’ (उंचीचं डिजिटल प्रारूप) म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. डीएसएम म्हणजे पृष्ठभागाचं डिजिटल प्रारूप. वरून सोडलेला लेसर ज्याला आधी लागला त्याची उंची, मग ते झाडाचे शेंडे असोत की घरांची छपरं. हे सगळं बाजूला सारल्यावर उरणारी उघडी जमीन म्हणजे डीटीएम, भूभागाचं डिजिटल प्रारूप. डीटीएममधून सहसा पूलही काढून टाकतात. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते पुढे. लेसर कशावर तरी आदळून परत येतो, त्या परतीला रिटर्न म्हणतात. ‘पहिल्या रिटर्नमधून डीएसएम, शेवटच्या रिटर्नमधून डीटीएम’ हे सूत्र पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं आणि ते साफ चूक आहे. एका लेसर स्पंदाचे अनेक रिटर्न येऊ शकतात, पण शेवटचा रिटर्न एवढंच सांगतो की स्पंद अखेर कुठे अडला. दाट जंगलात तो अर्ध्यावरच्या फांदीवर अडतो, नाहीतर झुडपात. छपरावर बहुतेक वेळा पहिला आणि शेवटचा रिटर्न एकच असतो, त्यामुळे निव्वळ शेवटच्या रिटर्नवरून केलेल्या नकाशात घरं जशीच्या तशी उभी राहतात. जमीन कोणती हे ठरवावं लागतं. शेजारच्या बिंदूंशी उंची आणि उतार ताडून पाहिला जातो आणि जमिनीच्या बिंदूंना लास फाइलमध्ये (लिडारचे बिंदू साठवायच्या प्रमाण फाइलमध्ये) वर्ग 2 मिळतो. डीटीएम याच बिंदूंवर उभा असतो. मधल्या मोकळ्या जागा गणिताने भरलेल्या असतात.

भूशास्त्रीय नकाशा करणाऱ्याने हे कधीच विसरू नये. डीएसएमवर जंगलतोडीची सरळ कड 20 मीटर उंच भ्रंशकड्यासारखी (भेगेवर जमीन सरकून तयार झालेल्या कड्यासारखी) दिसते, पण ती चूक लवकर पकडता येते. डीटीएमची फसवणूक जास्त घातक. झाडीखाली जमिनीचे बिंदू विरळ असले की बिंदू जोडून केलेल्या त्रिकोणजाळीचे गुळगुळीत पैलू उमटतात आणि ते खडकाचे सपाट पृष्ठभाग म्हणून रेखाटले जातात. वर्गीकरण फार कडक लावलं, तर खऱ्या कड्याची धार इमारतीसारखी छाटली जाते. हिलशेडवर, म्हणजे तिरक्या प्रकाशाची छाया दाखवणाऱ्या उठावचित्रावर, दोन्ही तितकेच खरे वाटतात.

सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर झाडीत दडलेला भ्रंशकडा 1990 च्या दशकात लिडारच्या उघड्या जमिनीवरच नजरेस आला. तरीही तिथे चर खणून थर तपासले, तेव्हा कुठे जुन्या भूकंपांचा पुरावा हाती लागला.

स्थलदर्शक नकाशाच्या समोच्च रेषा डीएसएमवरून काढूच नयेत. प्रत्येक झाडाभोवती त्या वेटोळं घालतात. डीटीएमवरच्या रेषाही सपाट भागात थरथरतात, म्हणून तिथे थोडं गुळगुळीत करणं मान्य. भूशास्त्रासाठी मात्र अजिबात नको, कारण जेमतेम मीटरभर उंचीचा भ्रंशकडा सर्वात आधी त्यातच पुसला जातो. हिलशेडचा प्रकाशही निदान दोन दिशांनी टाकावा. एकट्या वायव्येच्या प्रकाशात वायव्य-आग्नेय धावणारे कडे जवळजवळ दिसेनासे होतात.

आणि भ्रंशरेषा आखण्याआधी वर्ग 2 चे बिंदू हिलशेडवर टाकून बघाच. जिथे बिंदूच नाहीत, तिथे रेषा तुटक काढा.