कान वाजण्याचा इलाज: तेलापासून मेंदूपर्यंत

इंदूरच्या रामबागेत किंवा नंदलालपुऱ्यात आजोबा ‘कान वाजतोय’ म्हणाले, की घरातून पहिला सल्ला येतो तो कोमट तेलाचा. सल्ल्याचं मूळ फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद, म्हणजे कान वाजणं, आहे. माधवनिदानात तर कानाच्या वाटेत वात बसला की भेरी, मृदंग, शंख ऐकू येतात, असं वर्णन आहे. वाताचा रोग म्हटल्यावर उपाय तेलाचाच. पडदा फाटलेला असेल तर मात्र हेच तेल घात करतं, आणि बाहेरून ते कळत नाही. मळाचा बोळा अडकला असेल तर तो निघाल्यावर आवाज बरेचदा थांबतो. श्रेय मग तेलाला!

इंदूरला आणखी एक कारण घरोघर होतं: कापडगिरण्या. मालवा, हुकुमचंद, राजकुमार. मागांच्या खडखडाटात शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. वर्षानुवर्षं असा आवाज सोसला की कानाच्या आतल्या शंखाकृती भागातल्या बारीक केसांच्या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, पण तिथल्या कामगाराचा कान काही पूर्ववत झाला नाही. मलेरियावरचं क्विनाइन, ॲस्पिरिनचा मोठा डोस, जेंटामायसिनसारखी प्रतिजैविक इंजेक्शनं यांनीही कान वाजतो. पहिल्या दोन औषधांचा आवाज बहुधा औषध थांबल्यावर जातो, जेंटामायसिनने झालेली इजा मात्र कायमची राहू शकते.

युरोपात इटार या फ्रेंच डॉक्टरने १८२१ च्या आपल्या ग्रंथात वेगळीच युक्ती सांगितली: आतल्या आवाजावर बाहेरचा आवाज टाका. धगधगत्या शेकोटीजवळ बसा, पाणचक्कीशेजारी राहा. आजही रात्री पंखा लावल्याशिवाय झोप न येणारे हेच करत असतात.

मग दोष कानाचाच का, ही शंका पुढे आली. काही रुग्णांची श्रवणाची नसच कापली, तरी अनेकांचा आवाज थांबला नाही. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर बहुतेकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे कानाकडून येणारा आवाज कमी पडला की मेंदू स्वतःच ‘व्हॉल्यूम’ वाढवतो, असं आज मानलं जातं. १९९० मध्ये जास्ट्रेबॉफ या संशोधकाने पुढचं मांडलं: त्रास आवाजाचा नसतो, मेंदू त्याला धोका समजून बसतो त्याचा असतो. म्हणून उपचारही ती धास्ती कमी करण्याकडे वळले.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना त्याच वाटेवरच्या आहेत. आवाज नाहीसा करणारी गोळी नाही, जिंको या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूल देऊ नयेत. समुपदेशन आणि ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, असं त्या सांगतात. बाहेरचं बोलणं नीट ऐकू आलं की आतला आवाज मागे पडतो. पण आपल्याकडे चष्म्याला कुणी नाही म्हणत नाही. यंत्राचं नाव काढलं की मात्र उत्तर तयार असतं, ‘मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.’