उभ्या गाडीत न दिसणारे दोष

घरी बांधलेल्या क्लासिक गाडीत सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचे आणि ब्रेक तिसरीचे असू शकतात. प्रत्येक भाग आपापल्या जागी चांगला असेलही, पण हे सगळे एकत्र आल्यावर कसे वागतात हे कोणत्याच कारखान्याने तपासलेले नसते. शिवाय उभ्या गाडीवर ना भार येतो, ना उष्णता, ना हादरे. रंग झळकतो, दिवे लागतात, इंजिन सुरेल फिरते आणि जीवघेणा दोष दडून राहतो. म्हणून तपासताना प्रत्येक भागाला विचारायचे: तापल्यावर, भार आल्यावर आणि हजारो हादरे बसल्यावर तुझे काय होईल?

सुरुवात ब्रेकपासून करावी, इंजिनापासून नव्हे, असे माझे ठाम मत आहे. १००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. लिटरभराहून जास्त पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला ती पुरते. वेग निम्मा केला की ऊर्जा चौथाईवर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. गाडी थांबवताना यातली बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते.

इथेच ब्रेक ऑइलचा प्रश्न येतो. नेहमीचे ग्लायकोलवर आधारित ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की १४० अंशांची मर्यादाही चालते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. उतारावर वारंवार ब्रेक लावल्यावर ऑइल उकळले, तर पॅडल थेट तळाला जाते आणि गाडी धावतच राहते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे तेच पॅडल कडक लागलेले असते. म्हणून बांधणी कितीही लांबली तरी रस्त्यावर नेण्याआधी ऑइल ताजे भरावे. सिलिकॉनचे डॉट ५ पाणी शोषत नाही, पण ते ग्लायकोलच्या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये. जुने रबरी पाइपही बदलावेत. ते आतून फुगतात, ऑइल परत येऊ देत नाहीत आणि त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो.

पुढच्या-मागच्या ब्रेकांचा तोल हा विषय तर हौशी बांधणीत फारच दुर्लक्षित राहतो. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि दोन्ही आसांमधले अंतर अडीच मीटर असेल, तर जोरदार ब्रेकमध्ये (गुरुत्व त्वरणाच्या ०.८ पट) एकूण वजनाच्या १६ टक्के भार मागून पुढे जातो. पन्नास-पन्नासची वाटणी ६६-३४ होते. मागची चाके हलकी झालेली असताना तिथे दुसऱ्या गाडीचे ताकदवान डिस्क ब्रेक बसवले, तर तीच आधी जाम होतात. घसरणाऱ्या टायरची बाजूची पकड जवळपास संपते, मागचा भाग बाजूला निसटतो आणि गाडी गिरकी घेते. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ घसरते. या दोनांतला धोका कमी कशात हे उघड आहे.

यानंतर बोल्ट. डोक्यावर ८.८ कोरलेला असेल, तर पोलादाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि तिच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो, असा अर्थ होतो. काहीच कोरलेले नसेल तर तो बोल्ट स्टिअरिंग, सस्पेन्शन किंवा ब्रेकमध्ये वापरू नये. नीट आवळलेला बोल्ट किंचित लांबतो आणि मागे येऊ पाहताना जोडलेले भाग दाबून धरतो. धक्के बरेचसे त्या दाबाने झालेल्या घर्षणावर झेलले जातात. बोल्ट ढिला असेल, तर प्रत्येक धक्का थेट त्याच्यावर येतो आणि धातू थकून तुटतो. टॉर्क पान्यावर (ठरावीक जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्यावर) लावलेल्या जोराचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग हा ताण देण्यात जातो, बाकीचा घर्षणात. म्हणून आटे कोरडे की तेलकट हे उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच ठेवायचे.

सस्पेन्शनच्या भागांना क्रोमचा चकचकीत मुलामा देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आम्लाने धुताना आणि मुलामा चढवताना हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. कडक पोलाद त्यामुळे ठिसूळ होते आणि पुढे कधीतरी, न वाकता, एकदम तुटते. मुलाम्यानंतर लगेच काही तास भट्टीत तापवून हायड्रोजन घालवता येतो, पण ते झाले की नाही हे चकाकी पाहून कळत नाही.

तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये घडवला. त्याहून जुन्या सांगाड्यात बेल्टसाठी बहुधा जागाच केलेली नसते. ७५ किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटरवरून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्याला रोखायला सरासरी सुमारे दीड टन वजनाइतके बल लागते. नुसत्या पातळ पत्र्यातून बोल्ट सरळ उपटून येईल. मागे जाड पोलादी पट्टी हवीच, आणि आजूबाजूचा पत्रा गंजमुक्त हवा.

पेट्रोलचा पाइप इथेनॉल सोसणारा असावा. जुने रबर त्याने मऊ पडते व चिरते. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज द्यावा, कारण शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअर वाहून वायर तापते. (स्टार्टरच्या जाड वायरला बहुधा फ्यूज नसतो, ती कुठेही पत्र्याला घासणार नाही असे पाहावे.) टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होतेच.

हे सगळे झाल्यावर गाडी दुसऱ्या जाणकाराला दाखवावी. बांधणाऱ्याच्या डोळ्यांना आपण काय करायचे ठरवले होते तेच दिसत राहते. मग प्रत्येक महत्त्वाच्या नटबोल्टवर रंगाची एक रेघ मारावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. ब्रेकचे पॅडल मिनिटभर जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी हलवायचीच नाही. पहिली फेरी मोकळ्या, रहदारीला बंद असलेल्या जागेत, चालण्याच्या वेगाने. थांबल्यावर चारही चाकांची उष्णता पाहावी, शक्यतो अवरक्त तापमापकाने. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक बहुधा सुटत नाही. वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर रेघा पाहाव्यात. पहिल्या ५० ते ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत, कारण नवीन पृष्ठभाग भाराखाली दबतात आणि बोल्टमधला ताण थोडा उतरतो.