मराठी अंकांची नंबर प्लेट: कायदा काय म्हणतो

‘महाराष्ट्रात राजभाषा मराठी, मग गाडीवर मराठी अंक असले तर पोलीस दंड करूच शकत नाहीत’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

नंबर प्लेट राज्याच्या राजभाषा कायद्यात येत नाही. ती येते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये. त्यातल्या नियम ५० नुसार अक्षरे इंग्रजीत आणि अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच हवेत. नियम ५१ अक्षरांची उंची, जाडी, अंतर ठरवतो. दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षरे ३५ आणि अंक ४० मिलिमीटर उंच. म्हणून 4141 चे ‘दादा’ करणाऱ्या पाट्याही बेकायदाच, मग त्या कितीही हौसेने रंगवलेल्या असोत.

दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली होतो: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १५०० पर्यंत.

मराठीचा आग्रह मलाही मनापासून पटतो. दुकानांच्या पाट्या, कार्यालयांचा कारभार मराठीतच हवा. पण धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर परराज्यातल्या साक्षीदारालाही एका नजरेत वाचता यायला हवा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना तर हा प्रश्नच उरत नाही, कारण उच्च सुरक्षा पाटी ठरलेल्या नमुन्यातच येते.