'पाचारण' आणि रोजचे काम : विदर्भातील ख्रिस्ती प्रार्थनेची पार्श्वभूमी

खेड्यातील रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेला सुरुवात झाली की बहुधा आधी दहावी-बारावीच्या मुलांचा उल्लेख होतो, त्यानंतर नोकरी शोधणाऱ्यांचा, मग शेतकरी व शेतमजुरांचा आणि सर्वांत शेवटी म्हाताऱ्यांचा. वयाच्या पायऱ्यांचा हा क्रम परंपरेने चालत आलेला वाटतो. परंतु कामासाठीच्या जुन्या प्रार्थना वयाप्रमाणे नव्हे, तर ऋतूप्रमाणे बांधलेल्या होत्या. इ.स. ४७० च्या सुमारास गॉल प्रांतातील (आजच्या फ्रान्समधील) व्हिएन येथे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस प्रार्थनेची मिरवणूक सुरू झाली आणि पुढे ती शेतातील पिकांसाठीची मिरवणूक झाली. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात पाऊस, उघाड आणि टंचाई यांसाठी वेगवेगळ्या प्रार्थना आहेत. हे पंचांग आपल्याकडे मात्र नीट बसत नाही, कारण स्वर्गारोहण बहुतेक मे महिन्यात येते आणि तेव्हा विदर्भातील शेतात पीक नसते, वखरणी चाललेली असते.

१८४५ साली स्कॉटिश मिशनने नागपुरात काम सुरू केले. तरीही ग्रामीण भागातील प्रार्थनेला वळण लागले ते १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर, असे माझे मत आहे. मिशनच्या अनाथालयांत व बोर्डिंगांत मुलांचा दिवस घंटेवर चाले. अभ्यास, सुतारकाम, शिवणकाम आणि प्रार्थना यांच्या वेळा ठरलेल्या असत. येथून बाहेर पडलेली मुलगी परिचारिका किंवा शिक्षिका होई. म्हणजे आईबापांचा धंदा पुढे चालवण्याऐवजी शिक्षण, परीक्षा, नोकरी आणि निवृत्ती असे टप्पे आयुष्याला मिळाले, आणि प्रार्थनाही त्या टप्प्यांप्रमाणे होऊ लागली.

याच ठिकाणी 'पाचारण', म्हणजे देवाने माणसाला दिलेली हाक, हा शब्द अडचणीचा ठरतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत राहावे, असा उपदेश आहे. सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याने या शब्दाचा अर्थ रुंदावला आणि चांभाराचे किंवा मोलकरणीचे कामही धर्मगुरूच्या कामाइतकेच देवाने दिलेले असल्याचे मांडले. युरोपात हा विचार श्रमाला मान देणारा ठरला. परंतु जेथे गावकीची कामे जन्मानेच वाट्याला येत आणि ती सोडणे हीच माणुसकीची पहिली पायरी होती, तेथे 'आपल्या स्थितीत राहा' हे वाक्य बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना कसे ऐकू आले असेल? त्यापुढच्या वचनात दासाला केलेला उपदेश मूळ ग्रीकमध्ये अपुरा आहे. 'उपयोग कर' असे क्रियापद आहे, पण उपयोग कशाचा करायचा, गुलामीचा की सुटकेच्या संधीचा, हे सांगितलेले नाही. प्रचलित मराठी भाषांतरांनी मोकळे होण्याचा अर्थ घेतला, आणि माझ्या मते योग्यच केले. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर जन्मावरून काम ठरण्याचा प्रश्न या भागातील कोणत्याच धर्मोपदेशकाला टाळता येण्याजोगा राहिला नाही.

तरीही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, बोलण्यात हा शब्द वेगळ्याच दिशेने आकसला. 'त्याला पाचारण आहे' असे म्हटले की तो पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होणार, असा अर्थ घेतला जातो. पाळकाची ती 'सेवा' आणि निंदणाला जाणाऱ्या बाईचे ते नुसते 'काम', हा भेद ल्यूथरच्या मूळ म्हणण्याच्या उलट आहे, पण तो रुळला आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्यांचे (चर्च-संस्थांचे) एकीकरण होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले आणि पुस्तकातून प्रार्थना वाचणारे व उत्स्फूर्त प्रार्थना करणारे एका छताखाली आले. खेड्यांत उत्स्फूर्त प्रार्थनाच अधिक टिकली, आणि त्यामुळे तिच्यात नवे विषय लवकर शिरले. रोजगार हमीचे काम मिळावे, कापसाचा चुकारा वेळेवर हाती पडावा, बँकेचे कर्ज फिटावे, पुण्याच्या कारखान्यात गेलेला मुलगा सुखरूप राहावा, अशा मागण्या घरसभांतून ऐकू येतात. कॅथोलिक मंडळींसाठी १९५५ पासून १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण आहे. महाराष्ट्र दिनही पुढे त्याच तारखेला आला, आणि मे महिन्याच्या उन्हात गावात तसेही काम कमीच असते.

प्रभूच्या प्रार्थनेतील 'रोजची भाकर' येथे आणखी एका अर्थाने ऐकली जाते, कारण शेतमजुराच्या बोलीत 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरी. वृद्धांसाठी मात्र मंडळी अजूनही बहुधा आरोग्य आणि विश्रांतीच मागते, जरी निराधाराच्या पैशांत भागत नसल्याने त्यांतील कित्येक म्हाताऱ्या सोमवारी किलोच्या भावाने कापूस वेचायला गेलेल्या असतात.