कर्णशस्त्रक्रियापूर्व रुग्णशिक्षण

कानाच्या शस्त्रक्रियेआधी परिचारिकेने रुग्णाला आणि त्याच्या घरच्या माणसाला समोर बसवून दिलेली माहिती व करून घेतलेला सराव. कानाचा फाटलेला पडदा दुरुस्त करणे म्हणजे टिंपॅनोप्लास्टी आणि कानामागचे किडलेले हाड कोरून काढणे म्हणजे मॅस्टॉइडेक्टॉमी, या दोन शस्त्रक्रियांत त्याची गरज विशेष भासते. वर्षानुवर्षे ‘कान फुटला, कान वाहतो’ म्हणणारे बहुतेक रुग्ण याच दोन्हींसाठी दाखल होतात.

हे शिक्षण आधीच का, याचे उत्तर कानातच आहे. शस्त्रक्रियेनंतर कानात पॅक, म्हणजे आत घट्ट बसवलेला बोळा, असतो, डोक्याला पट्टी असते, कधी चक्कर येते. मुळात कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्या दिवशी आणखी कमी ऐकू येते. डिस्चार्जच्या कागदावर सही घेताना घाईने सांगितलेले पथ्य अशा माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून आदल्या दिवशी, वॉर्डातल्या गलक्यापासून दूर, ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला बसून बोलावे लागते.

सांगलीला लागून असलेले मिरज हे वैद्यकीय उपचारांचे जुने गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय तिथे १८९४ मध्ये सुरू झाले. आजही मिरजेत जत, तासगाव, कवठेमहांकाळ इथून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण येतात. इथल्या सिस्टरला मराठीबरोबर कामापुरती कन्नड आली तर निम्मे काम सोपे होते.

रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘भोक पडद्याला, मग टाके कानामागं कशाला?’ नव्या पडद्यासाठी लागणारे पातळ आवरण बहुधा कानाच्या वरच्या स्नायूवरून घेतात आणि आत जाण्याची वाटही अनेकदा मागून असते, हे सांगितले की शंका मिटते. कानाभोवतीचे थोडे केस काढावे लागतात. बायकांना हे आधी सांगणे हा साध्या माणुसकीचा भाग आहे. जागा बधिर करून शस्त्रक्रिया होणार असेल तर तोंडावर कापड असेल, ड्रिलचा आवाज डोक्यात घुमेल, मान हलवायची नाही, काही वाटले तर बोलून सांगायचे, हे आधी कळलेला माणूस टेबलावर दचकत नाही.

सर्वांत जास्त वेळ शिंकेला द्यावा. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते. नाक दाबून शिंकले किंवा जोराने शिंकरले तर हवेचा दाब त्या नळीतून थेट नव्या पडद्याखाली पोचतो आणि तो उचलला जाऊ शकतो. शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे, एवढाच नियम. पण आयुष्यभराची सवय नुसत्या ऐकण्याने मोडत नाही, म्हणून रुग्णाकडून चार वेळा करून घ्यावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘कानात पाणी जाऊ देऊ नका’ हे वाक्य अपुरे आहे. डोक्यावरून अंघोळ कधी, तोवर व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कसा ठेवायचा, विहिरीत किंवा कृष्णेत पोहायला डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत का जायचे नाही, असे नेमके बोलावे. कोमट तेल घालणे, काडीने किंवा पिनेने कोरणे हेही नाव घेऊन बंद करावे. मिश्री आणि तंबाखूबद्दल न रागावता विचारावे. ऊसतोडीला जाणाऱ्याशी गळीत हंगामाचा हिशेब आधीच मांडावा, कारण मोळी उचलायला लगेच परतणार असेल तर तारीखच बदललेली बरी.

शेवटी रुग्णाला, ‘आता घरी गेल्यावर काय करणार ते तुम्ही मला सांगा,’ असे म्हणावे. ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात.

परिणामांविषयी जपून बोलायला हवे. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. वेदना कशी असेल, ती कशी सोसायची हे ज्यांना समजावले, त्यांना वेदनाशामके सुमारे निम्मी लागली. तिथे समजावणारे भूलतज्ज्ञ होते, आणि अवयव कान नव्हता. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याने अशा पूर्वतयारीने वेदना व चिंता कमी होण्याची शक्यता मांडली, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही नोंदवले. नवा पडदा धरणे हे आजाराची अवस्था, नाकामागून कानात जाणाऱ्या त्या नळीचे काम आणि शल्यविशारदाचा हात यांवर मुख्यतः अवलंबून असते. शिक्षणाचा वाटा भीती उतरवण्यात, पथ्य नीट पाळले जाण्यात आणि धोका वेळेत ओळखण्यात आहे. तोंड वाकडे होणे, गरगरणे, ताप, पू किंवा पट्टी रक्ताने भिजणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी यायचे, हे घरच्यांनाही पाठ हवे.

पॅक असेपर्यंत कान बंदच वाटतो. ‘ऑपरेशन फसलं’ असे समजून पुढच्या तपासणीला न येणारे रुग्ण इथेच निसटतात. टाके साधारण आठवड्याने निघतात. श्रवणचाचणी मात्र दीड ते तीन महिन्यांनी होते, आणि ती तारीख शस्त्रक्रियेआधीच कार्डावर लिहून देता येते.